शेरा

महापे. रात्रपाळी. तिसऱ्या मजल्यावर
एसी असा की मे महिन्यातही शाल लागते.
पडद्यावर डावीकडे कुठल्याशा विलायती क्लबचं
स्कॅन केलेलं रजिस्टर,
उजवीकडे माझे रिकामे रकाने.
नियम एकच, भिंतीवर चिकटवलेला:
दिसेल ते भरा. अर्थ लावू नका.

पान दोनशे चौदा.
एन्टविसल, ॲल्बर्ट. जन्म एकोणीसशे दोन.
बापाचा धंदा विणकर.
स्वतःचा: सूतगिरणी. त्यावर काट. पुढे बारीक अक्षरात, फुटबॉल.
जागा: लेफ्ट हाफ.
वजन अकरा स्टोन, म्हणजे अकरा दगड.
आमच्या यादीत दगड नाहीत,
मी सत्तर किलो भरले.

सही करताना दहा पौंड हातावर.
हंगामात आठवड्याला आठ, उन्हाळ्यात सहा,
आणि त्याहून जास्त कुणालाच नाही,
कितीही पळा.
दर मे महिन्यात नावापुढे एकच शब्द: राखला.
राखला. राखला. राखला.
बियाणं राखतात तसा,
की रान राखतात तसा,
ते अक्षरावरून कळत नाही.

पंचवीस साली ऑफसाइडचा कायदा बदलला.
पुढे आधी तिघं लागायचे, आता दोघं पुरले.
त्या हंगामात क्लबवर चढलेले गोल
मी बेरीज करून पाहिले, कुणी सांगितलं नसताना.
जवळजवळ दुप्पट.
म्हणजे ह्याची धावही दुप्पट.
धावेला रकाना नाही.

सामने दोनशे अकरा. गोल नऊ.
एकतीसच्या मे महिन्यात पहिल्यांदा वेगळा शब्द:
सोडला.
शेरा: गुडघा.
खाली शाईचा डाग, कुणाच्या तरी अंगठ्याएवढा.

एका नावाला चार मिनिटं मिळतात.
मी अकरा घेतली.

सकाळी तळवलीला उतरले तर
हिराजीकाका ओट्यावर, गुडघ्याला लोकरी पट्टा,
समोर चहा, चहावर साय.
जमीन गेली तेव्हा बदल्यात त्याला कारखाना मिळाला,
आणि कारखान्यात टीम.
मैदान मिठागरावर भर टाकून केलेलं;
उन्हात वर मीठ फुटायचं, पडलं की जखमेत जायचं.
बारा वर्षं डावीकडून खेळला.
टीम आधी बंद झाली, कारखाना नंतर.
आता तिथे काचेची इमारत आहे.
मी तिच्यातच बसते, तिसऱ्या मजल्यावर,
पण हे आम्ही एकमेकांना बोलून दाखवत नाही.

मी त्याला ॲल्बर्ट सांगितला, सगळा,
अंगठ्याच्या डागासकट.
त्याने बशी खाली ठेवली.
"कंचा गुरघा?"
लिहिलेलं नाही, म्हटलं.
"लेफ्ट हापचा ना? मंग डावाच."
आणि ओट्यावर बसल्याबसल्या
त्याने वळून दाखवलं: अंग आत, पाय बाहेर,
बॉल भिजून विटेसारखा.
पाय मधेच थांबला. चेहरा नाही थांबला,
तो अजून थोडा पुढे गेला बॉलच्या मागे.

त्या रात्री मी पान दोनशे चौदा पुन्हा उघडलं.
गुडघा ह्या शब्दाआधी
डावा लिहिलं.

तीन दिवसांनी तपासणीतून परत आलं, लाल:
स्रोतात नाही.
पुसलं.
महिन्याला नव्वद हजार रकाने,
त्यात माझ्या नावावर एक चूक. चाळीस रुपये कापले.

काकाला सांगितलं नाही.
त्याला मात्र ॲल्बर्ट पुरला नव्हता.
रविवारी, कोलंबी सोलताना, मधेच म्हणाला,
"आनि उन्हाल्यान?
सा पौंडान भागाचा का त्याचा?"