रकाना सातवा

दर महिन्याच्या पाच तारखेला मी एक कुलूप काढते.
कुलूप कसलं, एक बटण.
ते दाबलं की रुग्णवाहिकांचा अख्खा महिना
कुणालाही, कुठूनही, फुकट उतरवून घेता येतो:
तारीख, वेळ, अंतर, लागलेली मिनिटं,
कारण, वय, गाव.
सात रकाने.
नावाचा आठवा मी आधीच खुडते,
पालेभाजीतली जून पानं खुडावीत तसा.

झाकली मूठ सव्वा लाखाची,
हे आमच्या जुन्या साहेबांचं, आइवार्स यांचं, राज्यशास्त्र.
कायदा आला तेव्हा मूठ त्यांनी उघडली, पण कशी?
छापील कागदांचे फोटो, तेही आडवे,
आकडे इतके फिकट की दुधात मीठ शोधावं.
"मागितलंत ना? दिलं."
ते निवृत्त झाले. आडवे कागद मी उभे केले,
दोन हिवाळे टंकत बसले.
उतरवून घेणारे: चार.
त्यातली एक मीच, तपासायला.

मग जानेवारीत ओयार्स ग्राउडिन्श यांचं पत्र आलं.
भौतिकशास्त्राचे निवृत्त मास्तर;
पत्र नव्हेच ते, तपासलेली उत्तरपत्रिका.
"ओळ ४११२ पासून पुढे पाहा.
ऑक्टोबरनंतर नदीपलीकडे तुमची गाडी
चाळीस मिनिटांच्या आत एकदाही पोचलेली नाही.
तराफा बंद होतो, गाडी पुलाचा वळसा घेते.
वेल्गाबाई, तुमच्या तक्त्यात एक नदी आहे.
तुम्ही ती पाहिलेली दिसत नाही."

पाहिली नव्हती.
अठरा वर्षं तिच्याच काठावर राहते मी.

पुढच्या हिवाळ्यात पलीकडे, बंद पडलेल्या दूध डेअरीच्या आवारात
एक गाडी उभी राहिली. दोन चालक, एक शेगडी.
वर्तमानपत्रात मंत्रिमहोदयांचा फोटो आला,
हात गाडीच्या दारावर, जणू स्वतःच ढकलत आणली.
मास्तरांनी एवढंच कळवलं:
"ओळ ५३०७. वय दोनशे सहा. सुधारा."

मार्चमध्ये एक बाई आल्या.
कोटावर वितळतं बर्फ.
टेबलावर कागद ठेवला, माझाच तक्ता,
एका ओळीवर पिवळा पट्टा.
रात्री दोन दहा. गोळ्या. वय एकोणीस. गाव लीचुपे.

लीचुपेत घरं अकरा.
एकोणीस वर्षांचं माणूस एक.

"नाव लिहिलं नाहीत," त्या म्हणाल्या, "उपकार झाले."
दुकानात कुणी काही बोललं नव्हतं म्हणे.
नुसते पाव देताना सगळे जरा जास्तच हळुवार झाले होते.
त्या हळुवारपणाला कंटाळून पोरगी रीगाला निघून गेली.
"आहे. बरी आहे. फोन उचलत नाही."

मी मान खाली घालून ओळ वाचत राहिले,
दुसरीकडे बघायला जागाच नव्हती.
रकाना चौथा, लागलेली मिनिटं:
नऊ.

आदल्या हिवाळ्यात चाळीस लागली असती.
हे मी त्यांना सांगितलं नाही.
वाक्य जिभेवर आलं आणि
वकिलाचा कोट घालूनच आलं.
त्या गेल्यावर आठवलं, चहासुद्धा विचारला नाही.

आता रात्रीचे साडेआठ. उद्या पाच तारीख.
सातवा रकाना झाकला तर पोरगी झाकली जाते,
आणि नदीही.
पाचांपेक्षा कमी असतील तिथे चांदणी टाका, असं नियमावली सांगते.
टाकून पाहिली.
नदीपलीकडचा सगळा काठ चांदण्याच चांदण्या,
गाव एकही नाही.
दिसतं मात्र सुरेख.

काढल्या.
वयाचे गठ्ठे करून पाहू: पंधरा ते पंचवीस.
लीचुपेत त्या वयाचं कोण कोण?
खालच्या घरातला मुलगा सैन्यात.
सुताराची जुळी अजून शाळेत, बारा-तेराची असतील.
उरलं कोण?

मी बोटांवर मोजते आहे.
दुकानातही असंच मोजलं असणार, पाव बांधता बांधता.

एक बोट मिटलंय.
चार अजून उघडी.