खालचा थर

हायफाँगला रात्रीचे दोन.
खाली खेकड्याच्या शेवयांची गाडी अजून उघडी,
बंदरावरच्या क्रेनचे लाल दिवे जागे, आणि मी.
पडद्यावर मिल्ड्यूरा नावाच्या गावातलं एक घर,
साठ मीटर उंचीवरून.
ऑस्ट्रेलियात मी कधी गेले नाही.
हे छप्पर मात्र पत्र्यापत्र्यानिशी ओळखते.

सूचना नेहमीच्याच:
गवत हिरवं. आभाळ निळं, ढग दोनच, तेही पांढरे.
विजेच्या तारा नकोत.
शेजाऱ्याची गंजकी गाडी नको.
हद्दीला पिवळी रेघ, ठळक.
आणि तो माणूस नको.

माणूस?
मग दिसला. तांदळाच्या दाण्याएवढा,
निलगिरीखाली, हातात पाण्याची नळी.
पुढच्या फोटोत नळी खाली पडलेली,
तळहात कपाळाशी, नजर वर,
थेट यंत्राकडे, म्हणजे माझ्याकडे.
त्याच्या पुढच्यात खुर्चीत बसलाय, पाठ करून.
अकरा फोटोंत तो होता.
बाराव्यात नुसती खुर्ची.

अकरा वेळा पुसला.
एका माणसाला चाळीस सेकंद लागतात:
शेजारचं गवत उचलायचं, त्याच्यावर अंथरायचं.
खुर्चीला जरा जास्त. तिला पाय चार.

सकाळी तुयेतने फाइल परत पाठवली,
"ख्वे, सातव्यात सावली राहिलीये."
खरंच की. हिरव्यागार गवतावर
कुणाचीच नसलेली एक लांब सावली,
कोपर बाहेर काढून उभी.
तीही पुसली.

पायवाट तेवढी हट्टी निघाली.
मागच्या दारापासून झाडापर्यंत,
रोज चालून चालून घासलेली;
कितीही रंग ओता, कडेने उगवायचीच.
शेवटी तिच्यावर एका ढगाची सावली टाकली
आणि फाइल धाडून दिली.
घर विकलं गेलं असावं.
आम्हाला कळवत नाहीत.

दीड वर्षाने तेच घर पुन्हा आलं.
एजंट नवा, ड्रोन नवा, छप्पर तेच.
गवत हिरवं करायला गेले
तर ते आधीच हिरवं. माझंच हिरवं,
तीच छटा, तोच आकडा,
जणू माझा फोटो कुणी अंगणात अंथरलाय.
मोठं करून पाहिलं. प्लॅस्टिक.
शेजाऱ्याची गाडी नाही. तारा जमिनीखाली गेलेल्या.
पायवाट नाही.
निलगिरीच्या जागी एक फिकट वर्तुळ, ताटलीएवढं.
सूचनेत लिहिलंय: बुंधा नको.

पुसला. वीस सेकंद.

मग उगाच जुनी फाइल उघडली.
आमच्या कामात पुसलेलं खरं म्हणजे कुठं जात नाही;
वर नवा थर चढतो, खालच्याचा डोळा मिटतो.
एकेका थराचा डोळा उघडत गेले.
आधी गवत पिवळं पडलं. मग तारा आल्या,
गाडी आली, गंजासकट.
मग तो.
तळहात कपाळाशी,
अजून बघतोय, वर कोण आहे.

तुयेत म्हणते, डिस्क भरलीये,
वर्षाहून जुनं सगळं आजच काढून टाक.
हो म्हटलं.
आधी खाली जाऊन शेवया खाऊन येते.