मिठाची बाटली

कणसांनी माना टाकल्या की काढायचं,
त्याआधी नाही.
ताठ कणीस अजून पाणी पीत असतं,
वाकलेल्याचं पिऊन झालेलं.
तरी मी एक दाणा उपटून त्याचं बूड बघतेच.
काळा ठिपका दिसला
म्हणजे झाडाने त्याचं बोट सोडलं.

जावई हसतो. ज्वेबे.
पोलंडपर्यंत ट्रक नेतो,
आणि सुट्टीला आला की माझ्या शेताला उपाय सांगतो.
यंदा दोन निळे ड्रम आणलेत त्याने,
घट्ट झाकणाचे. आधी त्यांत ऑलिव्ह होते,
अजून वास येतो.
"सोला, भरा, झाकण लावा. झालं."

झालं म्हणे.

आमची नालिया त्याने पाहिलीय, पण बघितली नाहीये.
चार पायांवर उभी मक्याची खोली,
हेझलच्या फोकांनी विणलेली.
भिंतीतून वारा जातो, करंगळी जाते.
प्रत्येक पायाच्या गळ्याशी उपडी लाकडी थाळी.
उंदीर तिथवर चढतो,
डोकं आपटतो, जरा विचार करतो,
उतरतो.
कणसं आत नुसती टाकायची, रचायची नाहीत.
रचलं की हवा वाट विसरते.

त्याच्याशी वाद घातला नाही मी.
लोणच्याची रिकामी बाटली घेतली,
तव्यावर मीठ कोरडं केलं,
मूठभर दाणे, चमचाभर मीठ,
आणि पायरीवर बसून हलवत राहिले.
मीठ काचेला चिकटलं,
पहाटेच्या खिडकीसारखी बाटली पांढरी झाली.
"हे बघ," म्हटलं, "ह्यांच्या पोटात अजून ऑगस्ट आहे.
आज झाकण लाव,
आणि नाताळात हिरवी लोकर काढ."

तो गप्प बसला. मग म्हणाला,
"हे कुणी शिकवलं?"

एंगुरीच्या पलीकडे शिकले. सासू, गुगुली.
तिने कधी शिकवलं नाही,
ती फक्त हलवायची, आणि मी भांडी घासत बघायची.
त्र्याण्णवच्या सप्टेंबरात तिथे आमचा मका उभा होता,
माना अजून ताठ.
दहा-बारा दिवस हवे होते.
दहा-बारा दिवस कुणी दिले नाहीत.
नवरा म्हणाला, कागद घे, कोट घे.
मी आढ्याची वेणी उतरवली,
गेल्या सालच्या बियाण्याची, सात कणसं,
पोटाशी बांधली.
पुलाच्या अलीकडे, कुणाच्या तरी शेकोटीत,
तीन कणसांचे दाणे भाजून पोरांना दिले.
माझ्या नव्हे. कुणाच्या, ते आठवत नाही.
खड्यासारखे दाणे, तरी
त्यांच्या दातांचा आवाज रात्रभर येत होता.

उरली चार.
हे सगळं शेत त्या चारांचं आहे.

ज्वेबेने मागे फोनवर ती जागा दाखवली, वरून.
हिरवा चौकोन, त्यात झाडं माजलेली,
आणि कोपऱ्यात काहीतरी करडं,
आमच्या नालियाचं छप्पर, नाहीतर दगड.
मी दोन बोटांनी ते मोठं केलं,
अजून मोठं केलं,
तेव्हा ते नुसते ठिपके झाले.

तो परत गेला रस्त्यावर.
नोव्हेंबरात फोन आला, मागे वायपरचा आवाज:
"मीठ काय म्हणतंय?"
चिकटतंय, म्हटलं.
डिसेंबरात पुन्हा.
थोडं चिकटतंय.
जानेवारीच्या एका सकाळी बाटली हलवली
तर मीठ खुळखुळत तळाला गेलं,
काच स्वच्छ, पलीकडचं कुंपण दिसलं.
त्या दिवशी मी त्याला आपणहून फोन लावला.

एक ड्रम भरला. हो, भरला.
झाकण खरंच चांगलं आहे.
दुसऱ्यात बुरकुंडं ठेवलीत चुलीसाठी,
ऑलिव्हचा वास लागलेली,
पेटताना घरभर कुठल्यातरी गरम देशाचा धूर.

आढ्याला नवी वेणी टांगलीय.
लेक विचारते, एवढा मका झाला,
मग बियाण्याला दरवर्षी सातच का?

मी म्हणते, खिळा लहान आहे.