अक्षयनीवी

खैरनारमामांनी एक युक्ती केली होती :
प्रेसच्या जबड्यात सायकलच्या ट्यूबचा तुकडा,
बोटभर, जरासा तिरका.
त्या दिवसापासून पत्र्याची कड फाटेना.
कोठावदे शेठनी नारळ फोडला, फोटो काढला.
फोटो अजून कॅन्टीनबाहेर आहे,
मामांचे त्यात डोळे मिटलेले.

मार्चात मामा रिटायर झाले.
जूनमध्ये ट्यूब झिजली.
आम्ही नवी बसवली, तेवढीच, तशीच तिरकी,
आणि कड फाटतच राहिली.
फोन केला तर मामा सटाण्याला, डाळिंबात.
म्हणाले, अरे, ती आधी रॉकेलात भिजवायचो मी...
थांब, डिझेल असेल.
किती वेळ, मामा?
ते हाताला कळायचं रे.

तीन हजार नग गेले त्या आठवड्यात.
अंबडच्या भंगारवाल्याने आम्हाला चहा पाजला.

मग शेठनी पुण्याहून माणूस आणला.
त्याने भिंतीवर पेटत्या बल्बचं चित्र लावलं,
खाली पेटी : 'आपल्या कल्पना येथे टाका'.
पहिल्या महिन्यात एकवीस चिठ्ठ्या,
दुसऱ्यात चार,
तिसऱ्यात गुटख्याची रिकामी पुडी
आणि एकच चिठ्ठी : पंखा बंद आहे.
पंखा अजून बंद आहे.

पांडवलेणीचा डोंगर आमच्या गेटातून रोज दिसतो.
दिसतो, म्हणून जाणं होत नाही.
पोरीच्या शाळेचा प्रकल्प निघाला तेव्हा चढलो,
धापा टाकत.
लेण्यात कुणी एक मास्तर
भिंतीला बोट न लावता लेख समजावत होते :
राजाच्या जावयाने भिक्षूंना कापड दिलं नाही.
पैसे ठेवले, तेही त्यांच्या हातात नाही,
गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे.
मुद्दल परत मागायचं नाही, कधीच.
व्याजातून चिवरं.
अक्षयनीवी म्हणतात त्याला.

गोवर्धन म्हणजे गंगापूर रोडवरचं? पोरीने विचारलं.
तेच, बाळा.

उतरताना माझे गुडघे बोलत होते,
आणि डोक्यात एकच :
जावई गेला, भिक्षू गेले,
कापड मात्र येत राहिलं असणार,
कारण माग एकाच्या घरात नव्हता.

सोमवारी शेठसमोर उभा राहिलो.
बक्षीस नको म्हटलं. दर बुधवारी अर्धा तास द्या,
तो गंजका जुना प्रेस द्या,
आणि महिन्याला दोन बंडल पत्रा, बिघडवायला.
बिघडवायला?
हो. मुद्दल समजा.
शेठ बराच वेळ कॅल्क्युलेटर दाबत राहिले.
एक बंडल मिळालं.

वही घातली. रकाने आखले
आयटीआयहून आलेल्या फरजाना तांबोळीने,
पट्टी न घेता, सरळ.
काय केलं, का केलं, काय झालं, सही.
सहीशी गाडी अडली.
फसलेल्या कामाखाली नाव कोण घालणार?
शेवटी मीच घातलं :
नव्वद सालची डाय, घाईत, माझ्या हातून तडकली,
आणि मी ती रातपाळीवर ढकलली होती.
वाचून कोणी हसलं नाही.
दुसऱ्या बुधवारी सांगळेने पेन मागितलं.

मामांना एसटीने बोलावलं.
दोन डबे, एक घड्याळ.
रॉकेल निघालं. चाळीस मिनिटं.
दोन तासांत ट्यूब फुगून निसटते, तेही लिहिलं.
मामा वहीकडे बघत राहिले,
जसं कुणी आपल्याच जुन्या शर्टात
दुसऱ्याला बघावं.
मग म्हणाले, उन्हाळ्यात तीसच ठेवा.
फरजानाने समासात घेतलं.

दिवाळीआधी चाकणची ऑर्डर आली.
एक बुधवार गेला, दुसरा गेला.
वहीवर कुणीतरी डबा ठेवला, तेलाचा गोल उमटला.
तिसऱ्या बुधवारी
कुणालाही न विचारता तिने जुना प्रेस चालू केला.
शेठ वर काचेआड उभे होते.
खाली आले नाहीत,
पण बंदही करा म्हणाले नाहीत.

नोंद एकशे बारा.
काय झालं, या रकान्यात तिने लिहिलंय :
कळलं नाही. पुढच्या पाळीने बघावं.