नाडी

मार्च उजाडला तरी नंदुरबारच्या पथारींवर
मिरची वाळतेच आहे, नजर पोचेल तिथवर लाल,
आणि वारा फिरला की सगळी आळी शिंकते.
आमची खिडकी नेमकी तिकडेच उघडते.
आई खोकते, पदरानं डोळे टिपते,
आणि विचारते, "कोन रडी ऱ्हायनं?"

राहेल सिस्टर. बत्तीस वर्षं मिशन दवाखान्यात.
आता तिला रविवार ओळखू येत नाही.
देवळाची घंटा झाली की म्हणते,
दूधवाला आला, पातेलं दे.
प्रार्थनेला बसते सवयीनं, डोळे मिटून,
रोजच्या भाकरीपर्यंत नीट येते,
मग खरंच भाकर मागते.
मी देते. कळण्याची, वर तेल, ठेचा.
तेवढ्यावर आमेन.

शमुवेलही विसरली ती. तिचा थोरला.
प्रकाशाच्या पुलाखाली, तापीत,
तिसऱ्या दिवशी सापडला.
तिसऱ्या दिवशी, आणि मेलेलाच.
त्यानंतर मी देवळाची पायरी चढले नाही.

पास्टर मनोहर घरी आले होते.
देवाची माया आटत नाही, म्हणाले.
मी म्हटलं, तापीसुद्धा आटते उन्हाळ्यात.
त्या दिवशी कंबरेइतकी आटली असती
तर काय बिघडलं असतं?
त्यांनी कप खाली ठेवला. वाद घातला नाही.
पुढच्या बुधवारी पुन्हा आले,
चहा घेतला, काहीच बोलले नाहीत.
अकरा वर्षं झाली, बुधवार चुकलेला नाही.
साखर बंद झाली त्यांची, एवढाच बदल.

परवा रात्री लाइट गेली.
मी तिच्या खाटेशी, खाली फरशीवर.
अंधारात तिनं माझं मनगट धरलं.
तीन बोटं, नेमकी जागा.
मान छातीकडे वळवली,
जिथं पिनेला उलटं घड्याळ लटकायचं.
आता तिथं नुसती लुगड्याची घडी.
त्या नसलेल्या घड्याळात बघत
पुरतं एक मिनिट तिनं मोजलं.

मी कोण, तिला ठाऊक नव्हतं.
पोटची मुलगी, की सतरा नंबरची बाळंतीण,
की साक्रीहून बैलगाडीतून आणलेली
सापानं चावलेली कुणी.
तिनं विचारलंही नाही.
नाव कळल्यावर धरायचा, असा तो हात नव्हता.

मला वाटलं, त्याचा हात असाच असेल काय?
फक्त त्याला नावं आठवत असतील,
माझं, शमुवेलचं, बुडालेल्या सगळ्यांची.
आणि ही जागा त्याला आंधळेपणीही सापडेल.
जिथं नाडी लागते
तिथंच कुठंतरी त्याला खिळा ठोकला होता.

शमुवेल का गेला, याचं उत्तर
यात कुठंच नाही. मी शोधलं.

"चालू शे," आई म्हणाली,
चार्टवर टिपून ठेवावं तसं.
"भिवू नको. मी आठेच शे."

लाइट आली. पंखा कुरकुरत फिरला,
मिरचीचा वास पुन्हा आत आला.
"कोन रडी ऱ्हायनं?"
मी, म्हटलं.
बरं, म्हणाली,
आणि पहिल्यापासून मोजू लागली.