कमरेच्या खाली, चार बोटं

सकाळची पंचवटी सुटायच्या आधी
मी नाशिकरोडच्या फलाटावर असायचो,
हातात रुमालात गुंडाळलेली कॅसेट
आणि कागदावर चार शब्द:
कुठे, कधी, किती, कोण.
पासवाल्यांच्या डब्यातले गायधनी ती पिशवीत टाकायचे
जेवणाच्या डब्याशेजारी.
भाजी सांडली तर बातमीला लसणाचा वास.
मुंबईत कुणीतरी ती उतरवून घ्यायचं,
आणि संध्याकाळी सातला, कधी दुसऱ्या दिवशी सातला,
माझं नाशिक सव्वीस सेकंद दिसायचं.
माझं नाव नसायचं. मला त्याचं काही नव्हतं.
खोटं कशाला, थोडं होतं.

बातम्या देणारी बाई पापणीसुद्धा
परवानगी घेऊन लववायची.
पूर आला तर म्हणायची, पूर आला आहे.
आवाज चढत नसे.
चढायचं ते पाणी.

तुम्ही म्हणाल, म्हातारा जुनं उगाळतोय.
उगाळतोय, पण सगळंच काही चंदन नव्हतं.
सातपूरला कारखान्याच्या फाटकासमोर
बायका एकोणचाळीस दिवस बसल्या होत्या.
मी तीन कॅसेटी पाठवल्या.
तिन्ही परत आल्या गायधनींच्याच पिशवीतून,
रुमालाची गाठसुद्धा मी मारलेलीच.
त्या संध्याकाळी त्याच शांत आवाजात
कुठल्याशा प्रदर्शनाची फीत कापली गेली.
एक शांतता असते तिला घाई नसते,
आणि एक असते तिला कुणी बजावून ठेवलेलं असतं.
पडद्यावर दोघी सारख्याच दिसतात,
साडीसुद्धा तीच.

परवा गंगापूर धरणातून पाणी सोडलं.
इंदूरहून मेहुणीचा रडत फोन:
भावजी, गच्चीवर आहात ना सगळे?
मी सिडकोच्या बाजारात
कोथिंबिरीच्या जुडीवरून घासाघीस करत होतो.

घरी येऊन टीव्ही लावला तर
नाशिक बुडालेलं.
लाल बाण, ढोल, वर कोपऱ्यात 'थेट',
चौकटी आठ, तोंडं आठ, कान एकालाही नाही,
आणि मागे तांबडं पाणी घोंघावत चाललेलं.
ते पाणी मी ओळखलं.
मधेच चित्र डावीकडे हिसकतं ना,
तो माझ्या खांद्याला बसलेला धक्का.
कुणीतरी दोर ओढायला पळाला होता, तेव्हाचा.
किती वर्षं झाली, खांदा अजून दुखतो.
शैला म्हणाली, बघा, आलात शेवटी,
आणि सव्वीस सेकंद नाही, दिवसभर!

स्कूटर काढली, रामकुंडाकडे गेलो.
आमच्याकडे पूर दुतोंड्या मारुतीवर मोजतात:
गुडघे, कंबर, छाती, गळा.
पायरीवर एक पोरगी, माइकला प्लास्टिकची पिशवी,
कानात कुणीतरी ओरडत होतं, मला बाहेर ऐकू येईल इतकं.
पाणी तिच्या घोट्यापर्यंत.
ती आणखी दोन पायऱ्या उतरली
आणि गुडघ्यांवर बसली,
कमरेपर्यंत दिसावं म्हणून.
मला हसू आलं नाही. तिचे दात वाजत होते.
हात देऊन वर घेतलं, नाव विचारलं.
मृण्मयी, म्हणाली. दर दहा मिनिटांनी नवीन मागतात, काका.
मी म्हटलं, पाणी तर तेवढंच आहे.
ती म्हणाली, तेच सांगितलं तर शिव्या घातल्या.
मग माइक पुसत म्हणाली,
पण त्या गटारात उतरलेल्या दोन कामगारांचं
आम्हीच लावून धरलं होतं, मे महिन्यात.
मी फाटकासमोरच्या बायका आठवल्या
आणि गप्प बसलो.

मारुतीही गप्प होता,
दोन तोंडं असून.

मेहुणीला फोन लावला.
कमरेच्या खाली आहे गं, चार बोटं.
अहो पण टीव्हीवर तर केवढं...
म्हटलं, ते मी पंचवटीने पाठवलं होतं.
आत्ता पोचलं.