शेवटच्या टिंबानंतर

रात्री अकराला यादीत अजून एक शेपूट घातलं.
ईएक्सई, एससीआर, व्हीबीएस होतेच,
आता आयएसओ.
यादी वाढते, कमी कधी होत नाही,
जशी वरच्या मजल्यावरची फ्रिजची चिठ्ठी:
हे खाऊ नका, तेही खाऊ नका, हे बिर्नाचं आहे.

क्लाक्सविकच्या या दवाखान्यात एकवीस खाटा,
आणि तळघरात, बॉयलरला खेटून,
मी आणि माझा मेल सर्व्हर.
वर कुणाला ठाऊक नाही,
त्यांच्या प्रत्येक पत्राला आधी मी दारात अडवते:
कोण, कुठलं, पिशवीत काय?

नावाला भुलत नाही.
'तातडीचं', 'तपासणी अहवाल', नाव कुणीही काहीही ठेवतं.
मी शेवटच्या टिंबानंतरचं वाचते.
दोन आडनावं लावून येणारे असतात,
बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई,
पहिलं लोकांसाठी, दुसरं खरं.
आणि आडनावच बदलून आला एखादा, तर पोट उघडते:
आत पहिली दोन अक्षरं एम आणि झेड.
ती बदलून आला तर त्याला चालताच येत नाही.

गेल्या हिवाळ्यात पलीकडच्या बेटावर
मासळीच्या कारखान्यात कुणीतरी एक बिल उघडलं.
तीन दिवस वजनकाटे मुके, शीतगृहाची दारं बंद,
चौथ्या दिवशी वारा इकडे वळला
आणि आम्हाला वासावरून बातमी कळली.
दूध त्यांचं होतं. ताक फुंकून पितेय मी.

आज अडकवलेले सदतीस.
छत्तीस नेहमीचे: बक्षीस, दंड, न मागवलेलं पार्सल.
सदतिसावा हेरलुफचा.
हेरलुफ, वय एक्क्याऐंशी, होड्या बांधायचा,
गुडघा बदलायला आला, बारा दिवस राहिला,
बाराही दिवस पलंगाच्या सुतारकामाला नावं ठेवली.
लिहिलंय:
'नर्स मुलींना, आणि ज्यांच्याकडे होडी आहे त्यांना.
यंदाच्या प्रवाहांचा तक्ता. प्रोग्राम माझा मी लिहिलाय.
दोनदा क्लिक करा. गाणं पण वाजेल.'

जुन्या, कशालाच न जोडलेल्या संगणकावर उघडला.
तक्ता खरा निघाला.
सामुद्रधुनीतली पूर्वधार, पश्चिमधार, तासातासाला निळे बाण,
कोपऱ्यात चौकोनी ठिपक्यांची होडी.
गाणं वाजलं, जरा बेसूर.
आणि गाण्याआड, आवाज न करता,
दुसरंच कुणीतरी घरभर खिडकी शोधत होतं,
एका लांबच्या पत्त्याला हाका मारत,
पुन्हा, पुन्हा,
भिंतीशिवाय काही सापडत नव्हतं म्हणून.

त्याला माहीत नसणार.
त्याच्या घरी कधीपासून राहत असेल हे,
भाडं न देता.

माझ्यापुढे दोनच बटणं. सोडा. पुसा.
आपुलकीनं पाठवलेल्याला तिसरं नाही.
चहा गार होईपर्यंत बसले,
मग पुसलं.

सकाळी फोन केला.
'मिळालं ना?' हॅलोच्या आधी.
म्हटलं, हेरलुफ, आजारी आहे.
'कोण? त्या उंच मुलीला काही झालं?'
तुमचा संगणक.
बराच वेळ नुसती किटलीची शिट्टी ऐकू आली, कुणी उठून बंद करेना.
'तरीच सावकाश चालतो हल्ली,' तो म्हणाला,
'मला वाटलं, वय झालं. म्हणून काही बोललो नाही त्याला.'

मी म्हटलं, माणूस पाठवते, तोवर काही पाठवू नका, कुणालाच.
'बरं,' म्हणाला. मग: 'कागद आहे जवळ?'
आणि वाचायला लागला, चष्मा शोधत, मध्येच खोकत,
सोमवार, सहा दहा, पूर्वधार,
बारा वीस, पालटते,
नाही, थांब, बावीस.

फ्रिजवर आता दोन चिठ्ठ्या आहेत.
जानेवारी संपलाय, फेब्रुवारीचे नऊ दिवस झालेत.
उद्या चारला पुन्हा फोन करायचाय.
गाण्याचं तो विचारणार,
त्याचं काय सांगायचं, अजून ठरलं नाही.